नारायणगाव टू न्यू जर्सी, व्हाया डिश

पुणे-नाशिक हायवेच्या एका टप्प्यात तीन प्रकारच्या डिश आहेत. एकीने आपल्याला जगाशी जोडलं, दुसरी आकाशगंगांचं बोलणं ऐकते आणि तिसरीवर नारायणगावच्या काकू रात्री आठची मालिका बघतात. या वीकेंडला गड-किल्ले थोडे बाजूला ठेवा आणि मान वर करून फिरा!

जुन्नर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री आणि ओझरचे गणपती, पावसाळ्यातला माळशेज आणि हल्ली ऊसातले बिबटे. आंबेगाव म्हटलं की भीमाशंकरला जाताना लागणारं मंचर आणि घोडेगाव. या सगळ्यावर भरपूर लिहून झालंय, तुमचे फोटोही काढून झाले असतील. म्हणून आज एक वेगळा रूट.

पण त्याआधी एक प्रश्न. तुमच्या टीममधला एक तरी जण आत्ता ऑनसाइट असेल. बहीण, भाऊ, कॉलेजचा ग्रुप, कुणी ना कुणी बाहेर असतंच. तिथे गेल्यावर घर, बँक, कार्ड ही कामं उरकली की दोन गोष्टींचा शोध सुरू होतो. चांगला कुकर कुठे मिळेल आणि आपले चॅनेल्स कसे दिसतील? कुकरचं उत्तर सोपं आहे. चॅनेल्सचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदललंय आणि त्यातला पहिला धडा चक्क जुन्नर तालुक्यात गिरवला गेलाय.

आर्वी : मोठ्या डिशचं गाव

नारायणगावजवळचं आर्वी हे तसं साधं गाव. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे 'विक्रम' उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं. भारताचं परदेशाशी व्यावसायिक दळणवळण उपग्रहामार्फत सुरू झालं ते इथून. नाव अर्थातच डॉ. विक्रम साराभाईंचं, जे ३० डिसेंबर १९७१ रोजी गेले. इथली अँटेना जवळजवळ ३० मीटर व्यासाची होती. म्हणजे एका डिशच्या पोटात बॅडमिंटनची दोन कोर्टं सहज मावतील!

इतकी मोठी कशाला? तर त्या काळातले उपग्रह फार कमी ताकदीचे होते. सुमारे ३६ हजार किलोमीटर वरून येणारा अगदी क्षीण सिग्नल गोळा करायचा, तर खालचं भांडं मोठं हवं. पुढे उपग्रह ताकदवान होत गेले आणि खालची डिश लहान होत गेली. आज तुमच्या गच्चीवर जी पराती एवढी छत्री आहे, ती आर्वीच्या डिशची पणती समजा.

आर्वीच्या आधी परदेशी फोन म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओचा भरवसा. कॉल बुक करायचा, तासन्‌तास थांबायचं आणि लागलाच तर खरखरीतून "हॅलो, हॅलो" ओरडायचं. हवामान बिघडलं की तेही नाही. आर्वीची डिश हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाशी बोलायला लागली आणि फोन, टेलेक्स, टीव्हीची चित्रं या सगळ्यांनाच नवा रस्ता मिळाला. केंद्र होतं ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या सरकारी खात्याचं. १९८६ मध्ये त्याचं विदेश संचार निगम झालं, २००२ मध्ये ते टाटांकडे गेलं.

अर्थात हा काही पिकनिक स्पॉट नाही. आत शिरून सेल्फी काढायची अपेक्षा ठेवू नका. बाजूच्या रस्त्याने जाताना एवढंच आठवा, की एका पिढीची परदेशी खुशाली या शेतांवरून गेलीय.

चौऱ्याहत्तर इकडे, चौऱ्याहत्तर तिकडे

आता एक भन्नाट योगायोग. नकाशा उघडा. नारायणगाव साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यू जर्सीतलं जर्सी सिटी, जिथे आपली निम्मी आयटी राहते, ते साधारण ७४ अंश पश्चिमेला. आकडा तोच, फक्त दिशा उलटी.

आणि नेमकी तिथेच गोची आहे. आपल्याकडच्या डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर, साधारण ८३ ते १०८ अंश पूर्वेच्या पट्ट्यात उभे आहेत. म्हणून तर जुन्नर-आंबेगावात कुठल्याही गावात जा, सगळ्या छत्र्यांची तोंडं आग्नेयेकडे. दुबईतूनही हे उपग्रह क्षितिजाच्या चांगले वर दिसतात. लंडनहून ८३ अंशांवरचा उपग्रह क्षितिजाखाली जातो. आणि न्यू जर्सीहून? तो पृथ्वीच्या पार पलीकडे. तिथे इथली छत्री नेऊन लावली तर त्यात फक्त पावसाचं पाणी साठेल.

म्हणजे परदेशात आपलं टीव्ही बघायचं, तर आधी कुणीतरी ते तिथल्या आकाशात नेऊन ठेवायला हवं. सुरुवातीला ते काम सुटकेसनं केलं. गेलेला प्रत्येक पाहुणा नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट घेऊन जायचा, पुढे व्हीसीडी. १९९० मध्ये एशियासॅट-१ वर गेला. या उपग्रहाची कहाणी फिल्मी आहे. आधी तो भलत्याच नावानं सोडला होता, भलत्याच कक्षेत अडकला, १९८४ मध्ये स्पेस शटलने त्याला पकडून खाली आणलं आणि डागडुजी करून पुन्हा विकलं! या सेकंडहँड उपग्रहावरून १९९१ मध्ये स्टार आणि १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाले. त्याच्या पट्ट्यात आखातही येत होतं, त्यामुळे तिथल्या आपल्या लोकांनाही लॉटरी लागली. १९९५ मध्ये दूरदर्शननेही परदेशासाठी वेगळी वाहिनी काढली. अमेरिकेत तिथल्या उपग्रहांवरून आधी हिंदी चॅनेल्स आले, मराठीला आणखी थांबावं लागलं.

मग आली जुगाडू पिढी. २००५ मध्ये अमेरिकेत स्लिंगबॉक्स नावाचा डबा निघाला. तो पुण्यातल्या घरी सेट-टॉप बॉक्सला जोडायचा आणि एडिसनमध्ये बसून लॅपटॉपवर आई-बाबांचा टीव्ही बघायचा. फक्त एक भानगड होती. तिकडून चॅनेल बदललं की इकडे बाबांच्या बातम्यांच्या जागी अचानक क्रिकेट! त्या डब्याच्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर बंद केले आणि तो प्रकार संपला.

आता ॲप आहेत. झी फाइव्ह २०१८ मध्ये भारताबाहेर गेलं, अमेरिकेत २०२१ मध्ये. यातली गंमत अशी, की आता या गोष्टीत सॅटेलाइट जवळजवळ उरलेलाच नाही. न्यू जर्सीत दिसणारी मालिका समुद्राखालच्या फायबर केबलमधून जाते. आकाशाची अडचण गेली, तिच्या जागी कागदाची आली. हक्क देशागणिक विकले जातात, म्हणून पुण्यात पैसे भरलेलं अकाउंट तिथे 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' म्हणून तोंड फिरवतं. क्रिकेटसाठी एक ॲप, मालिकेसाठी दुसरं, बिल डॉलरमध्ये.

मंचर : "तोंड आग्नेयेला, ताई"

मंचरमध्ये एका डिशवाल्या भाऊंना गाठलं. वीस वर्षं छत्र्या बसवतायत. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत मोटरसायलवर छत्री बांधून जातात. पूर्वी या भागात बांबूवर अँटेना चढवून सिंहगडाच्या दिशेनं फिरवत बसायचे, कारण पुण्याचं दूरदर्शन तिथल्या टॉवरवरून यायचं. मध्ये डोंगर आला की फक्त मुंग्या. छत्री आल्यावर डोंगराचा प्रश्न मिटला, कारण सिग्नल सरळ वरून येतो.

"कुठंबी लावा ताई, तोंड आग्नेयेला पाहिजे. आन्‌ मधी आंब्याची फांदी नको. पावसाळ्यात फांदी वाढती, मग लोक म्हणत्यात डिश बिघडली."

महिन्याचे पैसे न भरता चालणारी डीडी फ्री डिश वाड्या-वस्त्यांवर जास्त, असं त्यांचं निरीक्षण. मग मी परदेशाचा विषय काढला, तर हसले.

"दुबईवाले येत्यात ना! म्हणत्यात, बॉक्स इथनं न्यायचा, छत्री तिथं मोठी लावायची. दिसतं तिथं. पण ते नियमात बसत नाही, मी आधीच सांगतो."

खरं आहे ते. आखातात भारतातले बॉक्स चालवायची पद्धत कित्येक वर्षं होती. सिग्नलला सीमा कळत नाही, लायसन्सला कळते. पण लोक एवढा खटाटोप का करत असतील, याचं उत्तर घड्याळात आहे. आपल्याकडे रात्रीचे आठ, तेव्हा दुबईत संध्याकाळचे साडेसहा. शिफ्ट संपवून खोलीवर आलेला पोरगा घरच्यांबरोबर एकाच वेळी तोच सीन बघू शकतो. आणि घरून लगेच मेसेज, 'बघितलंस का?'

न्यू जर्सीत त्या वेळी सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, थंडीत साडेनऊ. स्टँड-अप मीटिंगची वेळ. मालिका पोचते, पण ती वेळ पोचत नाही.

नारायणगाव : तोंडाला कुलूप

याचं काय करायचं, हे मला नारायणगावातल्या एका काकूंनी शिकवलं. मुलगा-सून नऊ वर्षं जर्सी सिटीत. घर गावातच, मागे द्राक्षाची बाग. रात्री आठला काकू टीव्हीसमोर, मोबाइल उपडा ठेवलेला.

"काकू, मालिका संपली की सूनबाईंना फोन करता का?"

"छे गं! तिनं अजून बघितलेली कुठं असते? ती शनिवारी सहाच्या सहा भाग एकदम बघते. मग तिच्या रात्री फोन करते, आमच्याकडे रविवारची सकाळ. तोवर माझ्या तोंडाला कुलूप. शेजारणीला सांगेन, पण तिला नाही."

म्हणजे बघा, काकू आठवडाभर स्पॉयलर सांभाळतात! गुरुवारी नायिकेला सगळं कळलं, तरी मधल्या फोनवर फक्त "जेवलीस का, थंडी आहे का?"

"आणि मालिका संपली तर?"

"संपायच्या आधी दुसरी धरायची. नाहीतर आम्ही दोघींनी बोलायचं काय गं? तिच्या ऑफिसातलं मला कळत नाही, माझ्या बागेतलं तिला. मालिकेतली सासू कशी वागली, यावर मात्र आम्ही तासभर बोलतो. तिला जे मला सांगायचं असतं ना, ते ती त्या सासूबद्दल सांगते. मीही तसंच करते."

मी नंतर सूनबाईंना व्हॉट्सॲपवर विचारलं. (दोघींच्या परवानगीने लिहितेय, नावं गाळून.) त्यांचं उत्तर : "खरं सांगू? मला ती मालिका अजिबात आवडत नाही. दीडपट स्पीडला टाकून भांडी आवरताना बघते. पण आईंना कळू देऊ नकोस हं."

हे वाचून मला आधी हसू आलं, मग जरा पोटात कालवलं. दर महिन्याला डॉलर भरून, शनिवारची दुपार घालवून, न आवडणारी मालिका बघायची. कशासाठी? रविवारच्या त्या एका तासासाठी. आपण म्हणतो, बाहेर राहणारे लोक होमसिक होऊन मराठी टीव्ही बघतात. बरेच जण बघतही असतील. पण या घरात होमसिक कोण आहे, हे नीट बघायला हवं. मालिका न्यू जर्सीत दिसते, पण गरज नारायणगावात आहे.

निघताना राहवलं नाही. विचारलं, "काकू, सूनबाईंना ती मालिका खरंच आवडते का?"

"नाही आवडत. माहितीय मला," काकू चहाचे कप उचलत म्हणाल्या. "पण बघते ना."

खोडद : उशिरा आलेला सिग्नल

नारायणगावहून पूर्वेला वळलात की थोड्याच वेळात खोडद. शेतांतून अचानक पांढऱ्या, जाळीदार, अवाढव्य डिश दिसायला लागतात. हीच ती जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरभर जागेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण उभी केली. एवढी मोठी डिश स्वस्तात कशी करायची, तर पत्र्याऐवजी दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक जाळी. वारा आरपार जातो, रेडिओ लहरी मात्र परावर्तित होतात.

इथे कुठलंही चॅनेल दिसत नाही, आधीच सांगते. उलट टीव्ही, मोबाइल, बिघडलेला बूस्टर हे सगळे इथले शत्रू. ही जागा निवडली गेली त्यामागे आसपासचे डोंगर आणि माणसाच्या रेडिओ गोंगाटापासूनचं अंतर ही मोठी कारणं होती. काही किलोमीटरच्या अंतरात एक डिश जगाशी बोलण्यासाठी आणि तीस डिश गप्प बसून ऐकण्यासाठी! असा तालुका दुसरा दाखवा.

जानेवारी २०२३ मध्ये इथली एक बातमी जगभर गाजली. फार दूरच्या एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल या डिशांनी पकडला होता. तो निघाला तेव्हापासून सुमारे ८८० कोटी वर्षं प्रवास करत होता. वाटेतल्या दुसऱ्या एका आकाशगंगेनं भिंगासारखं काम करून तो मोठा केला, म्हणून तो ऐकू आला.

हे वाचल्यावर एक आठवडा उशिरा पोचणाऱ्या मालिकेचं फारसं काही वाटेनासं होतं. सिग्नल शिळा असला तरी चालतो. दुसऱ्या टोकाला कुणीतरी कान लावून बसलेलं हवं.

आंबेगाव : गाव गेलं, नाव राहिलं

परतीच्या वाटेवर वेळ असेल तर मंचरहून घोडेगावमार्गे डिंभ्याला जा. तालुक्याचं नाव आंबेगाव, ठाणं घोडेगावला आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. कामासाठी मुंबईला गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गेले.

या दोन्ही तालुक्यांसाठी 'बाहेर जाणं' नवं नाही. आधी गिरणीत, गोदीत, मंडईत, आता आखातात आणि अमेरिकेत. पूर्वी गावचा शो बघायला माणूसच गावी यायचा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी सुपारी देतात. आणि यात्रेच्या रात्री मुंबईकर झाडून हजर. तेव्हा प्रेक्षक प्रवास करायचा. आज कार्यक्रम प्रवास करतो आणि प्रेक्षक जागेवर बसतो.

सोय झाली, यात वादच नाही. पण धरणाच्या काठावर उभं राहिलं की जाणवतं, काही घरं कुठल्याच डिशवर दिसत नाहीत. ती फक्त दोन माणसांच्या बोलण्यात टिकतात. त्या बोलण्यासाठी निमित्त लागतं, ते मालिकेचं असलं तरी चालेल. वाईट मालिकेचं असलं तरीही.

जायचंय?

पुण्याहून राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव साधारण ७५ ते ८० किलोमीटर. सकाळी लवकर निघा, चाकणच्या ट्रॅफिकला दया-माया नाही. खोडदची दुर्बीण आतून बघायला पूर्वपरवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा जाणं सगळ्यात सोपं. आवारात मोबाइल बंद ठेवा, मनापासून. आणि बाहेर पडल्यावर तो चालू केलात, की पहिला फोन घरी करा. कुठली मालिका चालू आहे, ते विचारा.